कादंबरीकाराचें घड्याळ

कादंबरीकार म्हटला कीं सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. विस्कटलेले केस, शून्यांत लागलेली दृष्टि, मध्यरात्रीं तेवणारा दिवा, आणि प्रतिभेची लहर आली म्हणजे भराभर धांवणारी लेखणी. लहर ओसरली कीं आठवडेच्या आठवडे कागदाला स्पर्श नाहीं. हें चित्र सर्वस्वीं खोटें आहे असें नाहीं. परंतु ज्याला कादंबरीच्या उत्पन्नावर घर चालवावयाचें आहे, मुलांना शिकवावयाचें आहे आणि ठरल्या तारखेस प्रकाशकाच्या हातीं हस्तलिखित द्यावयाचें आहे, त्याला आपला दिवस लहरीवर सोंपवून भागत नाहीं. त्याच्या दिवसाला वेळापत्रक असतें, जमाखर्चाची वही असते, आणि काळज्या तर असतातच. अशा लेखकांपैकीं आपल्या दिवसाचा हिशेब एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप ह्यानें जितक्या उघडपणें मांडला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणीं मांडला असेल. त्या उघडेपणाची किंमतही त्याला द्यावी लागली. पण ती मरणानंतर.

लंडनच्या उत्तरेस वॉल्थम क्रॉस म्हणून एक गांव आहे. १८५९ सालच्या अखेरीस ट्रॉलप आपल्या कुटुंबासह तेथें राहावयास गेला. त्या घरीं रोज पहांटे, सारी मंडळी झोपेंत असतांना, एक म्हातारा मोतद्दार कॉफी घेऊन धन्याच्या खोलीशीं येई. धन्याला उठविण्याच्या ह्या कामगिरीबद्दल त्याला पगाराखेरीज सालीना ५ पौंड मिळत. इतक्या वर्षांत त्याला एकदांही उशीर झाला नाहीं. आणि आपल्या यशाबद्दल आपण कदाचित् इतर कोणाहीपेक्षां ह्या मोतद्दाराचेच अधिक ऋणी असूं, असें ट्रॉलपनें पुढें कृतज्ञतेनें लिहून ठेवलें. बरोबर साडेपांच वाजतां तो मेजाशीं बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीं लिहिलेला मजकूर वाचण्यांत जाई. वाक्यांचा नाद पुन्हां कानांत भरून घ्यावा, हा त्यांतला हेतु. मग समोर घड्याळ ठेवून लेखन सुरू होई. दर पाव तासाला अडीचशें शब्द, हा नेम. न्याहारीसाठीं कपडे करावयाची वेळ झाली कीं लेखणी खालीं ठेवावयाची, आणि तेथून पुढें टपालखात्याच्या अधिकाऱ्याचा दिवस सुरू व्हावयाचा. कारण ट्रॉलप हा १८६७ पर्यंत सरकारी नोकर होता. ज्या वेळीं इतर लेखक अंथरुणांत कूस बदलीत असत, त्या वेळीं त्याचें दिवसाचें साहित्य संपलेलें असे.

अशा रीतीनें रोज छापील दहा पानांइतका मजकूर तयार होई. ह्या वेगानें वर्षाला तीन-तीन खंडांच्या तीन कादंबऱ्या सहज लिहून होतात, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. आयुष्याच्या अखेरीस त्याच्या नांवावर सत्तेचाळीस कादंबऱ्या जमा होत्या. शिवाय प्रवासवर्णनें, लघुकथा आणि चरित्रें निराळींच. घड्याळ लावून कादंबरी लिहिणारा हा गृहस्थ म्हणजे एखादें यंत्र असावें, असा समज होणें साहजिक आहे. परंतु हें घड्याळ मेजावर कोठून आलें तें समजण्यासाठीं त्याच्या बाळपणाकडे वळावें लागतें.

ट्रॉलपचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजीं लंडन येथें झाला. वडील थॉमस ट्रॉलप हे बॅरिस्टर होते. विद्वान, सचोटीचे, कष्टाळू, परंतु स्वभावानें इतके तापट कीं पक्षकार दाराशीं टिकत नसत. वकिली बसली तेव्हां त्यांनीं हॅरो गांवाजवळ शेती धरली. शेतीनें उरलेंसुरलें नेलें. निपुत्रिक मामाची इस्टेट आपल्याला मिळेल ह्या आशेवर त्यांनीं मोठें घर बांधलें. मामांनीं उतारवयांत दुसरें लग्न केलें आणि त्यांना मुलें झालीं. शेवटीं डोकेंदुखीनें जर्जर झालेले हे गृहस्थ ख्रिस्ती धर्मसंस्थेंतील संज्ञांचा एक प्रचंड कोश लिहावयास बसले. त्याचा पहिला भाग तेवढा छापून निघाला. बाकीचा ग्रंथ त्यांच्याबरोबरच संपला.

ह्या घराची कळ मुलाला शाळेंत सोसावी लागली. हॅरोच्या नामांकित शाळेंत श्रीमंतांचीं मुलें राहावयास असत. ट्रॉलप मात्र रोज चिखलाच्या वाटेनें पायीं जाई, आणि मळलेल्या बुटांनीं वर्गांत शिरे. विन्चेस्टरच्या शाळेंत तर त्याची फी थकली. त्या मुलाला उधार देऊं नये अशी ताकीद गांवच्या दुकानदारांना मिळाली, आणि ती गोष्ट सर्व सोबत्यांना कळली. गरिबीपेक्षां ही उघड झालेली गरिबी त्या मुलाला अधिक डांचली.

घर सांवरलें तें आईनें. फ्रान्सिस ट्रॉलप ह्या बाई अमेरिकेस जाऊन तेथें एका दुकानाच्या धंद्यांत हात पोळून परत आल्या होत्या. त्या प्रवासावर त्यांनीं एक पुस्तक लिहिलें. तें १८३२ सालीं प्रसिद्ध झालें आणि एकदम गाजलें. तेव्हां त्यांचें वय पन्नाशीच्या पुढें होतें. त्यापूर्वीं त्यांनीं एकही पुस्तक छापलें नव्हतें. पण तें उत्पन्नही वडिलांच्या कर्जाला पुरें पडलें नाहीं. १८३४ सालीं एके दिवशीं वडिलांनीं अँथनीला गाडी जोडावयास सांगितलें आणि लंडनपर्यंत पोंचविण्यास फर्माविलें. ते कोठें जात आहेत हें मुलाला लंडनला पोंचल्यावर कळलें. अटक टाळण्यासाठीं ते बेल्जमकडे जाणारी बोट गांठीत होते. मुलगा परतला तों घरावर जप्ती आलेली. शेजाऱ्यांच्या कुंपणांतल्या भगदाडांतून बहिणी थोडींफार पुस्तकें आणि चिनीमातीचीं भांडीं पलीकडे लपवीत होत्या. तोही त्या कामाला लागला.

बेल्जममधील ब्रूज शहरीं हें कुटुंब राहिलें. थोरला भाऊ हेन्री क्षयानें अंथरुणाला खिळला होता, वडील खंगत चालले होते, आणि धाकटी एमिलीही त्याच रोगाच्या वाटेवर होती. आई रात्रभर शुश्रूषा करी आणि मधल्या वेळांत कादंबरी लिही. कारण त्या घराला दुसरें उत्पन्न नव्हतें. औषधाच्या बाटल्यांशेजारींच शाईची दौत असे. त्याच सालच्या डिसेंबरांत हेन्री गेला, पुढच्या वर्षीं वडील गेले, आणि त्यानंतर थोड्याच महिन्यांत एमिली गेली. त्या काळांतही आईच्या कादंबऱ्या वेळेवर छापखान्यांत जात होत्या. त्या पहांटे चार वाजतां मेजाशीं बसत, आणि जग जागें होण्यापूर्वीं आपलें काम उरकीत. त्यांच्या पुस्तकांच्या खंडांची संख्या मुलानें पुढें मोजली. ती एकशें चौदा भरली.

एकोणीस वर्षांच्या अँथनीनें हीं दोन उदाहरणें एकाच घरांत पाहिलीं. वडिलांजवळ विद्वत्ता होती, कष्ट होते, पण हातीं घेतलेलें काम तडीस जात नव्हतें. आईजवळ वेळ नव्हता, स्वास्थ्य नव्हतें, पण तिचें पुस्तक संपत होतें. पुढें आयुष्यभर ट्रॉलपच्या मनांत जी धास्ती राहिली ती कल्पना आटण्याची फारशी नव्हती. काम अपुरें राहण्याची होती. मेजावरच्या घड्याळाचें मूळ ह्या धास्तींत आहे.

१८३४ च्या नोव्हेंबरांत त्याला लंडनच्या मुख्य टपालकचेरींत सालीना ९० पौंडांची कारकुनी मिळाली. कचेरींत रोज उशीर, वरिष्ठांशीं खटके, संध्याकाळीं जावयास घर नाहीं, आणि तुटपुंजा पगार. अशीं सात वर्षें गेलीं. एका शिंप्याचें बारा पौंडांचें देणें त्याच्या सहीच्या कागदावरून एका सावकाराच्या हातीं गेलें, आणि व्याजासकट तें दोनशें पौंडांच्या वर पोंचलें. तो सावकार कचेरींतच येऊन त्याच्या खुर्चीमागें उभा राही. ज्याला हा अनुभव आहे तो पुढें पै-पैचा हिशेब ठेवूं लागला, ह्यांत आश्चर्य तें काय?

१८४१ सालीं आयर्लंडमधील एका दुय्यम जागेवर कोणी जाण्यास तयार नव्हतें. ती ट्रॉलपनें मागून घेतली. पगार १०० पौंडच, पण प्रवासभत्त्यामुळें वर्षाची प्राप्ति चारशेंपर्यंत जाई. बॅनघर ह्या लहानशा गांवीं त्याचें ठाणें पडलें. गांवोगांव घोड्यावरून हिंडावें, पोस्टमास्तरांचे हिशेब तपासावे, लोकांच्या तक्रारी ऐकाव्या. ह्या मोकळ्या कामांत तो माणूस बदलला. तेथेंच त्याला शिकारीचा नाद लागला, तेथेंच रोझ हेझेल्टाईन ह्या तरुणीशीं ओळख होऊन १८४४ सालीं विवाह झाला, आणि तेथेंच १८४३ सालीं एका ओसाड वाड्याचे भग्नावशेष पाहून पहिल्या कादंबरीचें बीज मनांत पडलें. पुढें त्याचें बहुतेक लेखन छापखान्यांत जाण्यापूर्वीं पत्नीच्या नजरेखालून जाई. दुसरा वाचक त्याला नव्हता.

त्या पहिल्या कादंबरीपासून त्याला एक कवडीही मिळाली नाहीं. १८४८ सालीं निघालेल्या दुसऱ्या कादंबरीच्या ३७५ प्रती छापल्या. त्यांपैकीं १४० खपल्या. प्रकाशकानें त्याला हिशेब कळविला: नुकसान ६३ पौंड १० शिलिंग दीड पेनी. तिसरीबद्दल २० पौंड हातीं पडले. चौथी ‘द वॉर्डन’. सॅलिसबरी येथें कामानिमित्त गेला असतां उन्हाळ्यांतल्या एका संध्याकाळीं तेथील भव्य चर्चच्या आवारांत फिरतांना ती त्याला सुचली होती. १८५५ सालीं ती प्रसिद्ध झाली. पहिल्या वर्षअखेर तिनें ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स दिले, दुसऱ्या वर्षअखेर १० पौंड १५ शिलिंग १ पेनी. म्हणजे लेखणी हातीं धरल्यापासून बारा-तेरा वर्षांची एकूण साहित्यिक कमाई सुमारें ४० पौंड! घोड्याच्या दाण्यालाही ती पुरली नसती. तरी ह्या माणसानें लिहिणें सोडलें नाहीं, आणि नोकरीही सोडली नाहीं. नोकरी होती म्हणूनच ही पायरी-पायरीची चढण त्याला चढतां आली, हें तो स्वतः ओळखून होता. नुसत्या लेखणीवर पोट बांधणाऱ्या तरुणांना ह्या धंद्यांतील उपासमारीची स्पष्ट कल्पना देण्यास तो कधीं चुकला नाहीं.

नोकरीचें काम त्यानें उपचार म्हणून केलें नाहीं. खेड्यापाड्यांतील प्रत्येक घरीं पत्र पोंचावें म्हणून १८५१ पासून दोन वर्षें त्यानें इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील परगणे घोड्यावरून पालथे घातले. दिवसाला चाळीसएक मैल रपेट होई. रस्त्यावर टपालपेट्या उभारण्याची शिफारस चॅनेल बेटांसाठीं त्यानेंच केली, आणि १८५२ सालीं जर्सी बेटावर त्या प्रथम उभ्या राहिल्या. हिंदुस्थानाशींही त्याच्या कामाचा एक धागा जुळतो. सुएझचा कालवा होण्यापूर्वीं विलायतेहून हिंदुस्थानाकडे आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणारी डाक अलेक्झांड्रियाला उतरून मिसरमधून जमिनीवरून सुएझला जाई. ती आगगाडीनें त्वरित पोंचावी म्हणून मिसर सरकाराशीं करार करण्यास १८५८ सालीं टपालखात्यानें ट्रॉलपलाच पाठविलें होतें.

पण मग कादंबरीला वेळ कोणता? खात्याच्या कामासाठीं तासन्‌तास आगगाडींत बसावें लागे, आणि वाचीत बसणें हा त्याला आळस वाटूं लागला. त्यानें गुडघ्यावर ठेवावयाची एक लहानशी फळी करून घेतली आणि डब्यांत बसून शिसपेनीनें लिहिण्यास आरंभ केला. सहप्रवाशांच्या देखत लिहितांना आरंभीं संकोच वाटे. तो लवकरच सरला. घरीं आल्यावर पत्नी त्या पानांची शाईनें स्वच्छ प्रत करी. १८५७ सालीं निघालेल्या ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा बराच मोठा भाग अशा रीतीनें धांवत्या गाडींत लिहिला गेला. ह्या पुस्तकाला १०० पौंडांची आगाऊ रक्कम मिळाली. मिसरच्या वाटेवर जहाज इतकें हेलकावे खाई कीं लिहितां लिहितां मेज सोडून, ओकारी करून, पुन्हां येऊन बसावें लागे. मिसरमध्यें ‘डॉक्टर थॉर्न’ ही कादंबरी पुरी झाली. आणि दुसऱ्याच दिवशीं पुढचीचें पहिलें पान लिहिलें गेलें.

ह्याच सुमारास त्याची ती प्रसिद्ध रोजनिशी नियमित झाली. नवें पुस्तक आरंभिलें कीं तो एक वही आंखी. तींत रोजच्या रकान्यांत त्या दिवशीं लिहिलेल्या पानांचा आंकडा मांडी. पान म्हणजे अडीचशें शब्द. आणि पान ही मोघम गोष्ट आहे म्हणून तो लिहितांना शब्दन्‌शब्द मोजी. आठवड्याची सरासरी चाळीस पानांची. कधीं ती वीसपर्यंत उतरे, तर एकदां ती एकशें बारापर्यंत चढली होती. एखादा आठवडा आळसांत गेला तर कोरा रकाना डोळ्यांपुढें उभा राही. हा पहारेकरी त्यानें स्वतःच आपल्यावर नेमला होता. कारण कचेरीचा वरिष्ठ जसा कारकुनाला जाब विचारतो, तसा कादंबरीकाराला जाब विचारणारा कोणीच नसतो.

आतांपर्यंत एक नियम मात्र तो कसोशीनें पाळीत आला होता. पुस्तक शेवटपर्यंत लिहून झाल्याखेरीज त्याचा आरंभ छापावयास द्यावयाचा नाहीं. त्या काळीं इंग्लंडांत कादंबऱ्या मासिकांतून हप्त्याहप्त्यानें येत, आणि पुष्कळ लेखकांचें लेखन छपाईच्या फार थोडें पुढें असे. महाराष्ट्रांतही पुढें हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रांतून आठवड्या-आठवड्यानें येत. त्यांतील कांहीं अपुऱ्या राहिल्याची हळहळ मराठी वाचकाला ठाऊक आहे. ह्या पद्धतींत लेखकाला मागचें सुधारतां येत नाहीं आणि आजारी पडण्याची सवड नसते. पण १८५९ च्या शरदांत ‘कॉर्नहिल’ हें नवें मासिक निघावयाचें होतें. थॅकरे हा त्याचा संपादक. नव्या कादंबरीबद्दल १००० पौंड देऊं केले गेले. अट एवढीच, कीं पहिला हप्ता १२ डिसेंबरपर्यंत हातीं पडला पाहिजे. मध्यें पांच-सहा आठवडे. ट्रॉलपनें आपला नियम मोडला, आणि आयर्लंडला परत जातांना आगगाडींतच ‘फ्रॅम्ली पार्सोनेज’ लिहावयास घेतली. पहिल्या अंकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. पंचेचाळिसाव्या वर्षीं हा टपालखात्याचा अधिकारी घराघरांत माहीत झाला.

कीर्ति आली म्हणजे काळज्या जात नाहींत. त्यांचें रूप पालटतें. पूर्वीं कोणी वाचील काय ही चिंता होती. आतां लोकांना आपला कंटाळा तर येणार नाहीं ना, ही आली. एकदां लंडनच्या अथीनियम क्लबांत तो सकाळीं लिहीत बसला असतां जवळच दोन धर्मोपदेशक मासिकें चाळीत बोलत होते. ट्रॉलप तींच तीं पात्रें पुन्हां पुन्हां आणतो, अशी त्यांची तक्रार होती; विशेषतः बिशपची कजाग बायको मिसेस प्राउडी त्यांना असह्य झाली होती. ट्रॉलपला राहवलें नाहीं. तो उठला, आपणच तो लेखक असल्याचें सांगितलें, आणि घरीं जाऊन आठवड्याच्या आंत त्या बाईचा निकाल लावतों, असें त्यांना वचन दिलें. ते गृहस्थ बिचारे ओशाळले. पण ट्रॉलपनें शब्द पाळला. ‘लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ ह्या १८६६-६७ मध्यें निघालेल्या कादंबरींत मिसेस प्राउडी मरण पावली. त्या हट्टी, जुलमी बाईचें मरण त्यानें इतक्या करुणेनें रंगविलें कीं तें त्याच्या उत्तम प्रकरणांत गणलें जातें. पुढें मात्र त्याला स्वतःलाच तिची चुकचुक लागून राहिली. अनेक वर्षें सोबतीला असलेलें माणूस आपण परक्यांच्या बोलण्यावरून दूर केलें, असें त्याला वाटे.

दुसरी शंका ह्याहून खोल होती. आपलीं पुस्तकें खपतात तीं गुणावर, कीं केवळ नांवावर? हें पाहण्यासाठीं त्यानें ‘नीना बालात्का’ ही कादंबरी १८६७ सालीं निनांवी प्रसिद्ध केली, आणि पाठोपाठ आणखी एक तशीच काढली. आपण पुन्हां शून्यापासून वर चढूं शकतों काय, ही ती परीक्षा होती. एका चाणाक्ष टीकाकारानें लेखणी ओळखली. पण पुस्तकें फारशीं खपलीं नाहींत, आणि प्रकाशकानें तिसरें घेण्यास नकार दिला. भरभराटीच्या ऐन काळीं स्वतःच्या खर्चानें असा कौल लावून पाहणारे लेखक विरळा. कौल विरुद्ध पडला, तो त्यानें लपविलाही नाहीं.

त्याच वर्षीं त्यानें टपालखाताही सोडला. तीन वर्षांपूर्वीं खात्यांतील एक मोठी जागा त्याला डावलून दुसऱ्याला दिली गेली होती. तें शल्य होतें. तथापि रागाच्या भरांत त्यानें राजीनामा फेंकला नाहीं. साठीपूर्वीं नोकरी सोडल्यास पेन्शन बुडणार होतें. तें जितकें आलें असतें तितकें उत्पन्न लेखणीच्या शिलकेंतून उभें होईपर्यंत तो थांबला, आणि मग बावन्नाव्या वर्षीं, तेहतीस वर्षांच्या चाकरीनंतर बाहेर पडला.

१८७१ सालीं ऑस्ट्रेलियांत मेंढ्या पाळणाऱ्या धाकट्या मुलाला भेटावयास तो निघाला. जहाजावर चढण्यापूर्वींच त्यानें आपल्या खोलींत लिहावयाचें मेज बसविण्याची व्यवस्था केली होती. आठ आठवड्यांच्या सफरींत दर आठवड्यास सहासष्ट पानें ह्या प्रमाणानें एक अख्खी कादंबरी लिहून झाली. मागें घरीं लोखंडी पेटींत पुऱ्या झालेल्या कादंबऱ्यांचीं हस्तलिखितें ठेवलेलीं होतीं, आणि थोरल्या मुलाला त्यांविषयीं सूचना दिलेल्या होत्या. समुद्रांत कांहीं बरेंवाईट झालें तरी वाचकाचें आणि प्रकाशकाचें देणें राहूं नये. ही भीति काल्पनिक नव्हती. १८६३ मध्यें थॅकरे, १८६५ मध्यें गॅस्केल बाई, १८७० मध्यें डिकन्स. तिघांनाही मृत्यूनें अपुऱ्या कादंबरीवरून उचललें होतें.

उतारवयांत पुस्तकांच्या किंमती घसरूं लागल्या. हात अखडूं लागला, लेखणी धरवेना. मग तो सांगे आणि पत्नीची भाची फ्लॉरेन्स ब्लंड लिहून घेई. पण सकाळचा नेम सुटला नाहीं. १८८२ सालीं, प्रकृति ढांसळली असतांना, आयर्लंडमधील जमिनीच्या तंट्यावर तो एक कादंबरी लिहीत होता. ‘द लँडलीगर्स’ तिचें नांव. ती पुरी होण्याआधींच छापावयास सुरुवात झाली होती. ‘फ्रॅम्ली पार्सोनेज’नंतर हा नियम दुसऱ्यांदा मोडला होता. त्या वर्षीं ३ नोव्हेंबरला त्याला पक्षाघाताचा झटका आला, आणि ६ डिसेंबरला त्याचें देहावसान झालें. साठ प्रकरणांची योजना होती. एकोणपन्नास हातीं आलीं. ज्या एका गोष्टीच्या भयानें त्यानें जन्मभर घड्याळ समोर ठेवलें, ती गोष्ट शेवटच्या पुस्तकाच्या बाबतींत घडलीच.

त्यानें १८७५-७६ मध्यें लिहून मुलाच्या स्वाधीन केलेलें आत्मचरित्र १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत पहांटेची कॉफी होती, घड्याळ होतें, पाव तासाचे अडीचशें शब्द होते, आणि प्रत्येक पुस्तकाच्या प्राप्तीचा तक्ता होता. एकूण ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. प्रेरणेची वाट पाहणारा कादंबरीकार हा प्रेरणेची वाट पाहणाऱ्या चांभाराइतकाच हास्यास्पद आहे, अशा आशयाचें मतही त्यांत होतें. ओसरत चाललेल्या कीर्तीला हें पुस्तक मानवलें नाहीं. कलेचें पावित्र्य मानणाऱ्या नव्या पिढीला ही दुकानदाराची वही वाटली, आणि ज्यानें हिशेबानें लिहिलें त्यानें काय मोलाचें लिहिलें असणार, असा निष्कर्ष निघाला. कित्येक वर्षें टीकाकारांनीं त्याला बाजूला ठेवलें. वाचकांनीं मात्र टाकलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, बाँबच्या छायेंत राहणारे इंग्रज वाचक बार्सेटशायरच्या त्या संथ जगाकडे मोठ्या ओढीनें वळले. १९९३ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत, कवींच्या कोपऱ्यांत, त्याच्या नांवाची शिला बसली.

त्या तक्त्यांतले सतरा शिलिंग आणि पांच पेन्स पाहून आजही कोणाला हंसूं येईल. पण तो आंकडा लिहिणारा माणूस कोण होता, हें विसरतां कामा नये. ज्याला गांवच्या दुकानदारांनीं उधार नाकारलें, ज्यानें बापाला अटकेपासून वांचविण्यासाठीं गाडी हांकली, जो परत आला तेव्हां घरांतलें सामान कुंपणांतून बाहेर जात होतें, तो हा मुलगा. आपल्या श्रमाचा मोबदला आपण पुरेपूर मिळविला, कोणाचें देणें ठेवलें नाहीं, आणि दिलेला शब्द चुकविला नाहीं, हें सांगण्यास त्याच्याजवळ दुसरी भाषा नव्हती. आणि त्याच सकाळीं, त्याच घड्याळासमोर, एका कजाग बाईच्या मृत्यूचें तें करुण प्रकरण लिहिलें गेलें होतें.